वक्र कडांच्या मोबाइलवर व्हिनाइल स्किन लावणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मोबाइलला स्किन लावून देण्याच्या कामात जे प्रश्न ग्राहक आणि घरी प्रयोग करणारी मंडळी पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्किन म्हणजे नेमके काय? लॅमिनेशन आणि स्किन एकच का?

स्किन म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकची (यालाच व्हिनाइल म्हणतात) रंगीत किंवा पोत असलेली पातळ फिल्म. तिच्या मागे दाब दिल्यावर पकड घेणारा चिकट थर असतो. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लास्टिसायझर मिसळल्यामुळे ती लवचीक होते आणि ऊब दिल्यावर ताणता येते. मोटारींना रॅप करण्यासाठी, म्हणजे बाहेरून मढवण्यासाठी, वापरतात ती फिल्म याच कुळातली आहे. दुकानांत सरसकट लॅमिनेशन म्हटली जाणारी पारदर्शक फिल्म मात्र पुष्कळदा टीपीयू या रबरासारख्या पदार्थाची असते. टीपीयू ताणली तरी मूळ आकाराकडे परत येऊ पाहते, तर ऊब देऊन बसवलेली व्हिनाइल नव्या आकारात बऱ्यापैकी स्थिरावते. वक्र कडेवर काम करताना हा फरक सर्वांत आधी जाणवतो.

२. माझा फोन वक्र आहे की सपाट, हे कसे ओळखावे?

जुने एटीएम कार्ड फोनच्या पाठीवर आडवे ठेवून फोन खिडकीच्या उजेडासमोर धरावा. कार्ड आणि पाठ यांच्यामध्ये जिथून उजेडाची फट दिसू लागते, तिथून वक्रता सुरू होते. तीच चाचणी उभ्या दिशेने आणि नंतर चारही कोपऱ्यांवर तिरकी करावी. फक्त डाव्या-उजव्या कडेला फट दिसत असेल तर काम सोपे आहे. वरखालीही दिसत असेल तर खरी परीक्षा कोपऱ्यांवर होते.

स्क्रीन वक्र असणे आणि पाठ वक्र असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सॅमसंगने २०१५ साली गॅलेक्सी एस ६ एजची स्क्रीन दोन्ही बाजूंनी वळवली आणि त्याच वर्षी नोट ५ ची पाठ वळवली. पुढे २०२४ च्या एस २४ अल्ट्रामध्ये स्क्रीन पुन्हा सपाट झाली. व्हिनाइल स्किन पाठीसाठी असते, म्हणून येथील बहुतेक उत्तरे पाठीच्या वक्रतेविषयी आहेत. स्क्रीनविषयी प्रश्न १७ पाहावा.

३. पाठीवर स्किन छान बसते, मग कोपऱ्यांवरच सुरकुत्या का पडतात?

कारण कोपऱ्यावर पृष्ठभाग एकाच वेळी दोन दिशांना वळतो. लांब कडेची वक्रता एकाच दिशेची, म्हणजे नळीसारखी असते, आणि सपाट फिल्म न ताणता नळीवर बसू शकते. कोपरा हा गोलाचा तुकडा असतो. सपाट पृष्ठभाग न ताणता, न आकसता आणि न फाडता गोलावर बसवता येत नाही, हे जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ साली मांडलेल्या प्रमेयातून निघते. पडताळा हवा असेल तर सोललेल्या नारळाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पाहावा, चुण्या पडल्याखेरीज राहणार नाहीत. कुशल हात, महागडी फिल्म किंवा दुकानातले मशीन यांपैकी कशानेही हा नियम बदलत नाही.

चुणी कुठून येते हे जवळून पाहण्यासारखे आहे. फिल्म कोपऱ्यावरून खाली दाबत गेल्यावर तिचा बाहेरचा काठ जितका लांब असतो, त्यापेक्षा कोपऱ्याच्या खालच्या भागाचा घेर लहान असतो. उरलेल्या फिल्मला जायला जागा नसते, म्हणून ती उभी राहते आणि पंख्याच्या घड्यांसारख्या बारीक चुण्या दिसू लागतात. यावर तीन उपाय आहेत. ऊब देऊन फिल्म ताणावी, म्हणजे जादा भाग ताणात वाटला जातो. कोपऱ्यावर काप देऊन जादा तुकडा काढून टाकावा. किंवा फिल्म त्या उतारापर्यंत नेऊच नये. पहिल्या उपायाने काम लगेच देखणे दिसते, परंतु ताणलेली फिल्म पुढे आकसू पाहते आणि तोच कोपरा उचलतो. दुसऱ्याने बारीक रेघ दिसते, पण फिल्म शांत बसते. तिसरा उपाय सर्वांत टिकाऊ आहे आणि ग्राहकांना नेमका तोच आवडत नाही.

४. पैसे पूर्ण घेता, मग कडेला एक मिलिमीटर मोकळे का ठेवता?

ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिला स्वतंत्र उत्तर दिलेले बरे. मोकळी पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. वक्र कडेच्या टोकाला उतार सर्वांत तीव्र असतो. तिथे पोहोचलेल्या फिल्मच्या काठाला पँटच्या खिशाचे कापड, कव्हरची ओठासारखी किनार आणि हाताचा तळवा दिवसभर घासत राहतो. दुचाकीच्या हँडलवर मोबाइल होल्डर लावणाऱ्यांच्या फोनला होल्डरचे पंजे नेमके याच काठावर दाब देतात आणि प्रत्येक खड्ड्यागणिक तो काठ थोडा सरकतो. सरकलेल्या काठाखाली धूळ गेली की काळी रेघ तयार होते, आणि चिकट थर धुळीने भरल्यामुळे पुढे दाबून उपयोग होत नाही.

उतार सुरू होऊन थोडा खाली गेल्यावर फिल्म थांबवली, तर काठ अशा जागी येतो जिथे घर्षण कमी आणि चिकट थराला आधार अधिक असतो. फोनचा रंग काळा असेल आणि स्किनही गडद असेल तर ही पट्टी हातभर अंतरावरून दिसतही नाही. पांढऱ्या फोनवर लाल स्किन हवी असेल तर ती दिसणार, हे आधीच सांगून ठेवणे बरे. पूर्ण झाकलेली कड देण्याचे वचन कोणी देत असेल, तर लावल्या दिवशी न पाहता महिन्याभराने तो फोन पाहावा.

५. कोणती फिल्म घ्यावी? नंबरप्लेटच्या रेडियमवाल्याकडची चालेल का?

सपाट पाठीवर एक वेळ चालेल, वक्र पाठीवर नाही. व्हिनाइल दोन पद्धतींनी बनते. कॅलेंडर्ड फिल्म रोलरांमधून दाबून पातळ केलेली असते, त्यामुळे तिच्यात जन्मतःच ताण असतो आणि ती कालांतराने आकसते. कास्ट फिल्म द्रवरूपात पसरून सुकवलेली असते. ती पातळ असते, वळणाला नरम असते आणि आकाराला धरून राहते. रेडियमच्या कामासाठी मिळणारी स्वस्त फिल्म बहुधा कॅलेंडर्ड असते आणि तिच्या चिकट थरात हवा जाण्यासाठी वाहिन्याही नसतात.

थ्री एमची २०८० मालिका आणि एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म या मोटारींसाठीच्या कास्ट फिल्म आहेत आणि मोबाइलवरही उत्तम वागतात. त्यांच्या चिकट थरातल्या सूक्ष्म वाहिन्यांमधून अडकलेली हवा कडेकडे निघून जाते. फिल्म विकत घेताना एक तुकडा बोटांत धरून किंचित ऊब द्यावी आणि ओढावा. कास्ट फिल्म सर्व बाजूंनी सारखी नरम होते, कॅलेंडर्ड एका दिशेला अधिक आणि दुसरीला कमी.

लाकूड किंवा कार्बन फायबर अशा उठावदार पोताच्या फिल्म जाड असतात आणि तीव्र वक्रतेवर हट्टीपणा करतात. फोन चारही बाजूंनी वळलेला असेल तर साधी मॅट फिल्म निवडावी.

६. लावण्यापूर्वी फोन कशाने पुसावा? सॅनिटायझर चालतो का?

सॅनिटायझर टाळावा, कारण अनेक सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेले असते आणि त्याचा पातळ थर काचेवर राहतो. औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन पुसावे, द्रव थेट फोनवर ओतू किंवा फवारू नये. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर कटाक्षाने दूर ठेवावेत, त्यांनी फ्रेमचा रंग आणि काचेवरील थर खराब होतो. वक्र कडेवर बोटे सतत टेकत असल्यामुळे तेलकटपणा पाठीच्या मध्यापेक्षा तिथेच जास्त असतो, म्हणून कडा दोनदा पुसाव्यात. राहिलेला धुळीचा कण चिकटपट्टीने टिपून उचलावा.

७. पुण्याच्या हवेत कोणता काळ योग्य?

पावसाळा वाटतो तितका वाईट नाही, कारण दमट हवेत धूळ बसलेली असते. फक्त काचेवर दमटपणा राहू देऊ नये. खरी अडचण डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी येते, कारण पारा १० अंशांच्या आसपास असताना फिल्म ताठ असते आणि चिकट थर पकड घ्यायला तयार नसतो. अशा वेळी दुपारपर्यंत थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत कोरडी धूळ उडत असते, म्हणून खिडक्या आणि पंखा बंद ठेवून काम करावे, मग घाम आला तरी चालेल, तो फिल्मवर पडला नाही म्हणजे झाले. स्किन लावल्यावर पहिले २४ तास फोन उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. चिकट थराची बरीचशी पकड या काळात तयार होते, पूर्ण पकड यायला ७२ तासांपर्यंत वेळ लागतो.

८. घरी लावायची असेल तर क्रम कसा असावा?

प्रथम स्किन कागदासकट कोरडीच फोनवर ठेवून पाहावी आणि कॅमेऱ्याचा कटआउट जुळतो का ते तपासावे. एकाच नावाच्या फोनचे प्रो आणि साधे असे प्रकार असतात आणि चुकीच्या प्रकाराची स्किन हातात पडणे फार सामान्य आहे. त्यानंतर कॅमेऱ्याकडच्या बाजूचा थोडासाच कागद सोलून कटआउट कॅमेऱ्याभोवती सर्व बाजूंनी सारखा बसवावा. फिल्म नुसती टेकवावी, दाबू नये. जमले नाही तर याच टप्प्यावर सहज उचलता येते.

कटआउट जुळल्यावर कागद खालच्या दिशेने हळूहळू काढत पाठीच्या मध्यावरून सरळ रेषेत खाली यावे. मग मध्यापासून डावीकडे आणि मध्यापासून उजवीकडे कार्डाने दाब द्यावा. कार्डाला चष्मा पुसायचे कापड गुंडाळले म्हणजे ओरखडे उमटत नाहीत. वक्रता सुरू होते तिथे थांबावे. संपूर्ण सपाट भाग पक्का झाल्याशिवाय एकाही कडेला हात लावू नये, कारण एक कड आधी पक्की केली की चूक समोरच्या कडेवर दुप्पट होऊन दिसते.

नंतर दोन्ही लांब कडांना ऊब देऊन अंगठ्याच्या मांसल भागाने फिल्म खाली वळवावी. इथे कार्डापेक्षा अंगठा चांगला, कारण तो वक्रतेचा आकार घेतो. कोपरे सर्वांत शेवटी घ्यावेत. कोपऱ्याच्या टोकावर थेट दाब न देता दोन्ही बाजूंनी टोकाकडे यावे, म्हणजे जादा फिल्म एकाच ठिकाणी गोळा होत नाही. तरीही चुणी उभी राहिली तर ती दाबून सपाट करण्याचा मोह आवरावा, फिल्म उचलून पुन्हा ऊब द्यावी.

मोटारींच्या काचांना फिल्म लावताना साबणाचे पाणी वापरतात, ते पाहून अनेक जण मोबाइलवरही तसे करायला जातात. मोबाइलला भोके असतात आणि हवेच्या वाहिन्या असलेला चिकट थर कोरडा लावण्यासाठीच बनलेला असतो, म्हणून पाणी नको.

९. हेअर ड्रायरने बॅटरीला धोका नाही का?

अतिरेक केला तर आहे. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालचे तापमान ० ते ३५ अंश आणि ठेवण्यासाठी कमाल ४५ अंश सांगितले आहे. दुरुस्तीवाले मागची काच उघडण्यासाठी तिला ऊबच देतात, कारण काच चिकटवलेला आतला गोंद उष्णतेने सैल होतो आणि पाणी अडवण्याचे कामही तोच गोंद करत असतो. म्हणून फोन बंद करावा, ड्रायर मध्यम ठेवून वीतभर अंतरावर सतत हलवत राहावा आणि एका कडेला काही सेकंदांपेक्षा अधिक वेळ देऊ नये. फोनपेक्षा फिल्म तापवायची आहे, त्यामुळे शक्य तिथे फिल्मचा काठ थोडा उचलून फक्त त्यालाच ऊब द्यावी. पाठीला बोट टेकवून ठेवता येत नसेल तर ऊब जास्त झाली. मोटारी रॅप करणाऱ्यांची हीट गन मोबाइलजवळ आणूच नये.

१०. बुडबुडे राहिले. सुईने फोडू का?

चांगल्या फिल्ममधले छोटे बुडबुडे एक-दोन दिवसांत आपोआप जिरतात किंवा अंगठ्याने कडेकडे सरकवता येतात, भोक पाडण्याची गरज नसते. टोकदार उंचवटा असेल आणि दाबूनही हलत नसेल तर तो बुडबुडा नसून धुळीचा कण आहे. त्यासाठी जवळच्या कडेपासून फिल्म उचलून कण टिपावा लागतो.

११. कोपरा दोन दिवसांत उचलला. खाली फेविक्विक लावले तर?

कृपया लावू नये. असे झटपट गोंद काचेवर आणि फ्रेमवर पांढरी वाफ सोडतात, फिल्म कडक करतात आणि स्किन काढताना फोनवर कायमचा डाग ठेवतात.

उचललेल्या कोपऱ्याखाली चिकट थर अजून चमकदार असेल तर आतली बाजू बोट न लावता स्वच्छ ठेवावी, फोनची कड अल्कोहोलने पुसून सुकू द्यावी, फिल्मला ऊब द्यावी आणि थंड होईपर्यंत अंगठा दाबून धरावा. थंड होईपर्यंत धरणे हाच यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण गरम फिल्म सोडली की ती मागे येते. चिकट थरावर लव किंवा धूळ बसली असेल, किंवा तोच कोपरा दुसऱ्यांदा उचलला असेल, तर तेवढा भाग गोलाकार कापून टाकावा. कापण्याविषयी प्रश्न १२ आणि कारणाविषयी प्रश्न ३ पाहावा.

१२. फोनवर ठेवूनच ब्लेडने कापता येईल का?

काच पोलादी ब्लेडने सहसा ओरखडत नाही, मात्र तिच्यावरील थर आणि ॲल्युमिनियमची रंगीत फ्रेम नक्की ओरखडते. बटर पेपरवर कडेचा छाप घेऊन, फिल्म टेबलावर कापून मगच लावावी. मॉडेल निवडताच फिल्म कापून देणारी मशीन आता शहरातल्या अनेक मोबाइल दुकानांत असतात आणि घरगुती मापापेक्षा त्यांचा कटआउट सरस असतो. फोनवरच थोडे छाटणे अपरिहार्य असेल तर काठ उचलून, फोनपासून दूर धरून लहान कात्रीने छाटावा.

१३. वायरलेस चार्जिंग आणि नेटवर्कवर परिणाम होतो का?

साध्या व्हिनाइलने होत नाही, कारण ती वीजवाहक नसते आणि जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांच्या आत असते. कार्बन फायबर दिसणारी फिल्मही छापील आणि उठाव दिलेले पीव्हीसीच असते. अपवाद खऱ्या धातूच्या पत्र्याच्या किंवा खऱ्या कार्बन फायबरच्या स्किनचा आहे. या दोन्ही गोष्टी वीजवाहक असल्याने चार्जिंग, टॅप करून पैसे देण्याची सोय आणि नेटवर्क यांत अडथळा आणू शकतात.

१४. स्किन लावल्यापासून समोरच्याला माझा आवाज फाटका ऐकू येतो. संबंध आहे का?

बहुधा आहे. अनेक फोनमध्ये कॅमेऱ्याशेजारी टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. तो गोंगाट वजा करण्यासाठी दिलेला दुसरा माइक असतो. कटआउट थोडा सरकला की ते छिद्र झाकले जाते, लक्ष्मी रोडवरच्या गर्दीत फोन घेतला की आवाज बिघडतो आणि ग्राहक सर्व्हिस सेंटर गाठतो. टॉर्च लावून कॅमेऱ्याभोवतीचा भाग पाहावा. छिद्र झाकलेले असल्यास तिथे सुई खुपसू नये, त्या बाजूने स्किन उचलून पुन्हा बसवावी.

१५. पाठ व्हीगन लेदरची किंवा खरखरीत आहे. स्किन टिकेल का?

नाही. चिकट थराला पूर्ण टेकण्यासाठी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि खरखरीत पाठीवर तो फक्त उंचवट्यांना टेकतो. मॅट काचेवर मात्र चांगली पकड येते, फक्त नीट पुसलेली हवी. कृत्रिम चामड्याच्या पाठीवर लावलेली स्किन काढताना पाठीचा वरचा थर सुटण्याची भीती असते, म्हणून अशा फोनला नाही म्हणणेच योग्य.

१६. मागची काच तडकली आहे. वर स्किन लावून भागेल का? आणि स्किन असली की कव्हर नको ना?

तडा झाकला जाईल आणि बोटाला काच लागणार नाही, पण पाणी आत जाण्याची वाट उघडीच राहील. शिवाय पुढे स्किन ओढताना काचेचे तुकडेही तिच्याबरोबर येतात, म्हणून ती काच बदलेपर्यंतची तात्पुरती सोय समजावी. कव्हरच्या बाबतीत, स्किन ओरखडे अडवते, पडल्यावरचा धक्का अडवत नाही. स्किनवर कव्हर बसते, परंतु वक्र फोनचे घट्ट कडक कव्हर रोज काढघाल केल्यास स्किनचे कोपरे खरवडते. मऊ कव्हर घ्यावे आणि शक्यतो काढू नये.

१७. वक्र स्क्रीनवर काय लावावे?

व्हिनाइल नाही. तिथे टीपीयूची पारदर्शक फिल्म सुरक्षित पर्याय आहे. द्रव गोंद पसरून अतिनील प्रकाशाखाली घट्ट करतात ती काच वक्र स्क्रीनवर छान बसते, मात्र गोंद स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत उतरला तर तो काढणे जवळजवळ अशक्य असते.

१८. घडीच्या फोनला स्किन लावता येते का?

बाहेरच्या काचेच्या भागांना येते, प्रत्येक भागाला स्वतंत्र तुकडा लावून. बिजागरीवरून फिल्म सलग नेऊ नये आणि तिच्या फटीजवळ काठ येऊ देऊ नये. आतल्या लवचीक स्क्रीनला आणि कंपनीने तिच्यावर लावलेल्या फिल्मला हात लावू नये.

१९. स्किन काढताना फोन खराब होतो का? तीच स्किन पुन्हा लावता येईल का?

थंड स्किन झटक्याने ओढली तर चिकट थर फोनवर राहतो आणि रंग दिलेल्या फ्रेमवरून रंगही निघू शकतो. हलकी ऊब देऊन एक कोपरा नखाने उचलावा आणि फिल्म सरळ वर न ओढता पाठीला जवळजवळ समांतर, सावकाश मागे न्यावी. राहिलेला चिकटपणा अल्कोहोलच्या कापडाने दोन-तीन वेळा पुसल्यावर निघतो. दुरुस्तीसाठी फोन देणार असाल तर स्किन आधीच काढावी, कारण पाठ उघडायची झाल्यास ती तिथे काढली जाणारच. वक्र फोनवरून काढलेली स्किन पुन्हा लावता येत नाही, कारण कडांवर ती ताणली गेलेली असते आणि कटआउट पुन्हा जुळत नाही.